थेंब वाळल्यावर काचेवर काय उरते

मी प्रकाशीय उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. वारंवार पुसूनही धूसर दिसते, अशा तक्रारीसह एक सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आला. तिरप्या उजेडात पाहिले तेव्हा त्याच्या भिंगावर बुरशीचे तंतू नव्हते, तर एकमेकींवर चढलेल्या पुसट कड्या होत्या. ते नेलपॉलिश रिमूव्हरने पुसले जात होते. कारण काय, तर ते चटकन उडते.

चटकन उडणे आणि स्वच्छ उडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवण्यासाठी मी धुतलेल्या काचपट्ट्यांवर निरनिराळ्या द्रावकांचा एकेक थेंब ठेवला आणि पट्ट्या काळ्या कागदावर मांडल्या. शुद्ध ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे ते सर्वांत आधी वाळले. काच एकदम थंड झाल्याने तिच्यावर हवेतील बाष्पाचा धुरकट थर आला, पण तो लगेच विरला आणि मागे काहीच राहिले नाही. रिमूव्हरचा मुख्य घटकही ॲसिटोनच. तरीही त्यातील तेल, रंग आणि सुगंधी द्रव्ये न उडता मागे राहिली. थेंब कडेने अधिक वेगाने वाळतो, त्यामुळे आतला द्रव कडेकडे ओढला जातो आणि गाळ तेथेच साचतो. भिंगावरच्या कड्यांचे मूळ हेच होते. टर्पेंटाइन बराच वेळ ओलेच राहिले व अखेरीस त्याचा चिकट थर उरला, कारण हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची राळ बनते. रॉकेलचा तेलकटपणा तर बोटालाही जाणवत होता.

सर्वांत समाधानकारक निकाल ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दिला. ते ८२ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे ॲसिटोनपेक्षा सावकाश वाळते, आणि माझ्या मते हाच त्याचा गुण आहे: विरघळलेला मळ काचेवर पुन्हा बसण्याआधी कागदाने टिपून घेण्यास सवड मिळते. शिवाय ॲसिटोन रंग आणि अनेक प्लास्टिके विरघळवते, त्यामुळे उपकरणाच्या जवळ मी ते येऊ देत नाही.

खिडक्या उघड्या ठेवून, आसपास ज्योत नसल्याची खात्री करून, भिंगपुसणीच्या कागदाला जेमतेम ओल येईल इतकेच अल्कोहोल घेतले आणि मध्यापासून कडेकडे गोलाकार पुसत गेलो. प्रत्येक फेरीला नवा कागद घेतला, कारण मळलेला कागद तोच मळ पुन्हा पसरवतो. चौथ्या कागदानंतर कड्या नाहीशा झाल्या.