जीपची वही: पोळा, पांधण आणि एक हब

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की हा पावसाळा फक्त वायरिंगचा, गाडीखाली जाणार नाही. ते विसरा. गेले पाच रविवार मी गाडीखालीच पडून आहे.

गाडी तीच. महिंद्राची एमएम 540, 1994 चं मॉडेल, प्यूजोचं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून 4.90, हे मला मिस्त्रीनं शिकवलं. 2112 सीसी, कागदावर बासष्ट घोडे. त्यातले चार-दोन तीस वर्षांत म्हातारे झाले असतील. आत ट्रान्सफरचे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीचे, दोन दांडे, पुढच्या दोन्ही चाकांवर हातानं फिरवायचे फ्री व्हील हब: लॉक केला की चाक शाफ्टला जोडलं जातं, फ्री केला की सुटतं. हे हब लक्षात ठेवा.

पोळ्याचा आदला दिवस

दोस्त आला. शाळेपासूनचा, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तोही हे वाचेल. सासुरवाडी आर्वी तालुक्यात. आमच्या वर्ध्याच्या सेलूकडून जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. बायको, दोन पोरं, गाठोडं, आणि घरात एक मोटारसायकल.

"पोळ्याले बोलावलं बे सासऱ्यानं. एस्टीनं गेलो तं फाट्यापासून तीन किलोमीटर गाऱ्यातून पायदळ. दोन दिवस गाडी दे ना."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेल्या वर्षी विहिरीतली मोटर जळाली तेव्हा रात्री अकराला दोर घेऊन हाच आला होता. चावी दिली. डिझेल टाक म्हटलं, क्लचवर पाय ठेवून चालवू नको म्हटलं. फोर व्हील कसं लावायचं ते त्यानंच विचारलं, म्हणून दांडा दाखवला, हब फिरवून दाखवला, आणि तेवढ्यात घरातून जेवायची हाक आली.

तान्हा पोळा, संध्याकाळ

गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन निघाली होती, त्यांच्या मागून माझी गाडी आली. चकाचक. इतकी स्वच्छ मी ती विकत घेतली त्या दिवशीही नव्हती. टायर काळे कुळकुळीत, मडगार्ड आतून धुतलेलं. भर पावसाळ्यात, चार किलोमीटरवर पुन्हा चिखल असताना, माणूस मडगार्ड आतून कशाला धुईल?

"काई नाई झालं बे गाडीले. टकाटक."

मी अजून काही विचारलंच नव्हतं.

टाकी फुल होती. एवढी फुल टाकी या गाडीनं माझ्या हातून कधी पाहिली नाही. चावी देऊन तो चहाही न घेता गेला, आणि हा माणूस आमच्याकडचा चहा सोडत नाही.

पहिला रविवार

मधले चार दिवस शाळा, त्यामुळे गाडी उभीच होती. रविवारी घराबाहेर काढली तर स्टिअरिंगनं उजवीकडे ओढ घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही. आणि वास. तो जळक्या केसांसारखा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको.

परत आणून जॅकवर घेतली. पुढं जे सापडलं ते सापडलं त्याच क्रमानं लिहितो.

आधी मागचे ड्रम उघडले. वरून धुणारा इथपर्यंत पोचत नाही. आत काळी माती वाळून तिला मे महिन्यातल्या वावरासारख्या भेगा पडल्या होत्या. एक खपली उचलली तर तिच्यावर ब्रेक शूचा छाप उठलेला, साच्यातून काढल्यासारखा. म्हणजे चाकं अर्ध्यापर्यंत तरी रुतली होती आणि बराच वेळ फिरली होती.

मग सीटखाली लाल बेगडीचा तुकडा आणि गोंड्याचा एक धागा. पोळा आहे, बैल सजवले असतील. पण बेगड ओली होऊन सीटच्या लोखंडाला चिकटून वाळलेली होती. पाणी गाडीच्या आत आलं होतं.

मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा, खालचा नट सैल केला तेव्हा पोटात गोळाच आला. आधी कपभर पाणी आलं, साधं, गढूळ. पाणी तेलापेक्षा जड, उभ्या गाडीत ते खाली बसतं. त्याच्या मागून नव्वद नंबरचं तेल, पण तेल कुठलं, दूध जास्त झालेला चहा. बोटावर घेतलं तर फेस.

हे कसं होतं ते नवीन मुलांसाठी सांगतो. पन्नास-साठ किलोमीटर पळालेलं हाउसिंग, म्हणजे तो डबा, तापलेलं असतं, आतली हवा फुगून ब्रीदरवाटे, म्हणजे हवा खेळायच्या भोकातून, बाहेर गेलेली असते. तसंच ते नाल्याच्या गार पाण्यात घातलं की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून ओढून घेते. ब्रीदर मोकळा असेल आणि त्याची नळी वर बॉनेटपर्यंत नेलेली असेल तर हवा येते. ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी येतं. माझा बुजलेला होता. आणि तो त्या दिवशी बुजलेला नव्हता, वरचा थर जुना, ग्रीसमध्ये कालवलेला होता. नळी वर न्यायचं काम मी दोन पावसाळे पुढं ढकललंय, या वहीत ते दोनदा लिहिलेलंही आहे. तेव्हा तेलाचा दोष मी माझ्या खात्यावर टाकला. नशीब एवढंच की पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकून हा विषय पाच रविवारांत संपला नसता.

आता दांडा. पुढच्या अ‍ॅक्सलचा दांडा फोर व्हीलमध्येच होता! म्हणजे नाल्यापासून घरापर्यंत डांबरावर अख्खी गाडी फोर व्हीलमध्ये आली. आपल्या या जुन्या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर मिटवता येत नाही. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफरमध्ये साठतो, दांडा अडकून बसतो, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. मी दोन्ही हातांनी ओढायच्या तयारीनं बसलो, तर दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला.

याचा आनंद व्हायला हवा होता. मला उलट शंका आली. खाली उतरून पुढची चाकं पाहिली. डावा हब लॉकवर. उजवा फ्रीवर.

तिथंच जमिनीवर बसलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी हब दाखवला होता. डाव्या बाजूचा. उजव्या बाजूला गेलोच नव्हतो. जेवायला गेलो होतो.

एक हब फ्री असला की पुढचं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या अर्ध्या शाफ्टकडे सोडून देतं, तो बिचारा हवेत फिरत राहतो आणि दोन्ही पुढची चाकं गप्प. म्हणजे चिखलात त्याला फोर व्हील लागलेलंच नव्हतं, आणि म्हणून डांबरावर पीळही भरला नाही. अर्ध्या चुकीनं ट्रान्सफर वाचलं.

क्लच मात्र त्याच रात्री गेला.

शेवटचा पुरावा पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडवर. रॉडला मधोमध बाक, आणि बाकाच्या आतल्या अंगाला, ग्रीसमध्ये रुतलेले निळ्या नायलॉनच्या दोराचे चार तंतू. मिस्त्रीला बोलावलं. तो चाकांसमोर उकिडवा बसला, मान तिरपी केली आणि म्हणाला, "मास्तर, एक चाक हिंगणघाटले चाल्लं अन् एक आर्वीले."

दुसरा रविवार

दोस्ताला फोन केला नाही. रॉडचा फोटो पाठवला, वर एक शब्द लिहिला नाही. अर्ध्या तासात दारात.

त्याच्याच शब्दांत: झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या, पोळा फुटला, पूजा झाली, पुरणपोळी झाली. मग साळ्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "भाऊजी, हे फोर-बाय-फोर हाय ना? मंग वावरात जाऊन दाखवा ना." सोबत गावातले सहा-सात जण. वावराला जायची पांधण, मधे नाला, नाल्याला कमरेच्या खाली पाणी.

"मंग तू नाई म्हनलं नाई?"

"जवाई हाय बे मी तिथं. पोळ्याच्या दिवशी नाई कसा म्हनू?"

नाला त्यानं पार केला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण इंजिन बंद न पडू देता पहिल्या गिअरमध्ये त्यानं तो पार केला आणि हे सगळ्यांना जमत नाही. पलीकडच्या चढावर काळ्या मातीनं धरलं. आपली माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो, गोट्यासारखा. तिथं इंजिन ओरडवून उपयोग नसतो. थांबायचं, उतरायचं, फावड्यानं चाकापुढची वाट मोकळी करायची, तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, टाकायच्या. तो उतरला नाही. पोरं पाहत होती. त्यानं अर्धा क्लच धरून रेस दिली. "लय धूर निघाला बे. मले वाटलं सायलेन्सरचा हाय."

मग साळ्याचा ट्रॅक्टर. अंधार पडलेला, कुणीतरी खाली हात घालून हाताला लागेल त्या रॉडला दोर बांधला. पुढच्या बंपरखाली दोन्ही बाजूंना मी स्वतः वेल्डिंग करून बसवलेले हुक आहेत, त्यांच्यावर चिखल होता, दिसले नाहीत. ट्रॅक्टर जोरात निघाला. गाडीही निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तवा वाकला असन," तो म्हणाला.

"तवाच वाकला."

सकाळी आर्वीत वॉशिंग सेंटरवर गाडी दोनदा धुऊन घेतली. मला राग आला तो या धुण्याचा. रॉड वाकतो, प्लेट जळते, ते दुरुस्त होतं. पण वाकलेल्या टाय रॉडवर बायको-पोरं बसवून तो साठ किलोमीटर आला, आणि ती चावी मला देताना गप्प राहिला. मीही दुसऱ्या दिवशी माझ्या पोराला घेऊन वर्ध्याला निघालो असतो. हे मी त्याला तोंडावर म्हटलं, जरा जास्तच आवाजात. तो खाली बघत पाना उगीच पुसत राहिला. मग म्हणाला, "काय काय खोलाचं हाय?"

तिसरा आणि चौथा रविवार

गिअरबॉक्स उतरवला. आमच्याकडे रॅम्प नाही. फळी, जॅक, दोन माणसं आणि शिव्या. तो खाली, मी वर. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत गेलेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग. फ्लायव्हील लेथवर देऊन घासून आणलं, प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी.

टाय रॉड मिस्त्री तापवून सरळ करून देत होता, शंभर-दोनशेत. मी नाही म्हटलं. स्टिअरिंगमधली तापवून सरळ केलेली वस्तू मी माझ्या गाडीत बसवत नाही, कुणी काहीही म्हणो. नागपूरहून नवा आणला. टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, मापायला मशीन लागत नाही: चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूनं रेघ मारली, तिच्यावर खिळ्यानं बारीक ओरखडा, गाडी खाली, मग पुढून आणि मागून टेपनं अंतर. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी, तिथं थांबलो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो होता.

डिफरन्शियल: खराब तेल काढलं, थोडं डिझेल मिसळलेलं स्वस्त तेल भरून चाकं हातानं फिरवली, काढलं, पुन्हा तेच, मग नवं नव्वद नंबर. बेअरिंगला हात लावून पाहिला, खरखर नाही. ब्रीदरची नळी शेवटी वर नेली, फायरवॉलपर्यंत. तास-दीड तासाचं काम. दोन पावसाळे ढकललेलं.

खर्चाचं: क्लच, लेथ आणि रॉड त्याच्याकडे. तेल, नळी आणि सील माझ्याकडे. तो सगळेच देत होता, मी घेतले नाहीत. दोन्ही हबवर मी पांढऱ्या रंगानं बाण काढले, लॉककडे.

जाता जाता, रुंद टायर लाव म्हणणाऱ्या वाचकांना: याही वेळी सुचवाल, म्हणून आधीच सांगतो. 6.00-16 चे अरुंद टायर काळ्या मातीचा वरचा थर कापून खालच्या कडक भागापर्यंत जातात. रुंद टायर वर तरंगतो आणि तिथंच बसतो. तुमच्या वाळूत तुमचं खरं असेल.

पाचवा रविवार

आमच्याच पांधणीवर नेली. रात्री पाऊस पडून गेला होता, दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर. चिखल सुरू होतो तिथं गाडी थांबवून मी खाली उतरलो आणि त्याला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तोही उतरला. डाव्या चाकाशी वाकला, हब फिरवला. बॉनेटला वळसा घालून उजव्या चाकाशी गेला. तिकडून आवाज आला, "हा जाम हाय बे."

"उलटा फिरवतो तू. बाण पाय."

कट्ट झालं.

दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रान्सफर लोमध्ये (वेग कमी, जोर जास्त), रेस न देता तो पलीकडे गेला. तिथं इंजिन चालू ठेवून उतरला आणि चारही चाकांच्या खुणा बघत उभा राहिला. पुढची दोन्ही चाकं माती फेकत गेली होती.

बाकी राहिलेलं: उजव्या मागच्या ड्रममध्ये अजून घासल्याचा आवाज येतो, अ‍ॅक्सलच्या सीलमधून थोडं तेल पाझरतं. पाचशे किलोमीटर झाले की डिफरन्शियलचा नट परत उघडून तेलाचा रंग बघायचा आहे. आणि साळ्याचा निरोप आला आहे, दिवाळीला गाडी घेऊन या म्हणून. दोस्त म्हणतो या वेळी तूपण चाल.