मर्लिनचा आवाज खोक्यात: स्पिटफायर अपडेट

मंडळी, स्पिटफायर मार्क नऊ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/३२ मापाच्या मॉडेलचं रंगकाम उरकलं, डिकल्स (खुणांचे स्टिकर) बसल्या, वॉशही (खाचांत मुरणारा पातळ रंग) मारून झाला. त्यावर जास्त बोलत नाही, कारण सध्या सगळा वेळ आवाजच खातोय. प्लॅन साधा होता, मॉडेलखालच्या लाकडी खोक्यात एमपीथ्री मॉड्यूल, तीन वॅटचा स्पीकर, आणि बटण दाबलं की मर्लिन, म्हणजे स्पिटफायरचं इंजिन, सुरू.

रेकॉर्डिंग झकास आहे, पण त्या चिमुकल्या स्पीकरवर मर्लिन चक्क शिलाई मशीन वाटायला लागला. मग जरा आकडेमोड केली. मर्लिन ६६ म्हणजे २७ लिटरचं व्ही-१२, फोर स्ट्रोक, क्रँकच्या एका फेरीत सहा सिलिंडर पेटणार, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला ३०० ठोके. पण प्रोपेलर गिअरमधून ०.४७७ पटीने फिरतो, म्हणजे साधारण १४३० आरपीएम, त्याला पाती चार, तर तिथे सेकंदाला ९५ ठोके. म्हणजे आपण ज्या घुमण्यावर जीव टाकतो त्यातला बराचसा खर्ज प्रोपेलरचा आहे की राव! आणि ९५ हर्ट्झला हा स्पीकर तोंडच उघडत नाही.

उपाय असा केला की खोक्याला आतून एक एक्साइटर चिकटवला, तो लाकूडच थरथरवतो. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचे दोन भाग केले, १८० हर्ट्झच्या खालचं सगळं डाव्या चॅनलवरून एक्साइटरला, वरचा तडतडाट उजवीकडून स्पीकरला. आता टेबलावर हात ठेवला तरी कळतं इंजिन चालू आहे ते. घरचे वैतागलेत, पण ते असो.

तडतडाटाचं कारण तर सगळ्यांना माहितीये, सायलेन्सर नाही, आखूड एक्झॉस्ट स्टब्ज, म्हणजे धुराच्या नळ्या, थेट बाहेर. त्यात विमानाच्या एका बाजूला उभं राहिलं की त्या बाजूचे सहा सिलिंडर जास्त ऐकू येतात, म्हणून आयडलला, म्हणजे इंजिन नुसतंच हळू चालू असताना, तो तुटक, खडबडीत ठेका लागतो. उलट पी-४७ थंडरबोल्ट हे अमेरिकन लढाऊ विमान बघा, ४६ लिटरचं १८ सिलिंडर रेडियल (गोलाकार मांडलेले सिलिंडर), पण एक्झॉस्ट पार मागे टर्बोपर्यंत, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्रापर्यंत, नेलेला, तिथे त्याची धार मरते. इंजिन केवढं यापेक्षा धूर कुठून मोकळा सुटतो यावर आवाज ठरतो असं माझं ठाम मत आहे, टर्बोवाल्यांनी खुशाल भांडावं.

स्टार्टिंगचा क्रम पण नीट लावलाय: स्टार्टरची कण्हल्यासारखी घरघर, पाती जड जड फिरतात, एखादा सिलिंडर खोकतो, परत शांत, मग धडधडत सगळे जागे. पण माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे लँडिंगला थ्रॉटल मागे घेतल्यावरचे ते पॉप-पॉप फटाके, ते वेगळ्या बटणावर ठेवलेत.

अजून बाकी काय, तर मॉडेलचा प्रोपेलर फिरवणारी मोटर. तिची स्वतःची चिरचिर मर्लिनमध्ये मिसळते, रबरी वॉशर लावून बघतोय, कोणी कोअरलेस मोटर वापरली असेल तर सांगा.

पुढचं मॉडेल ग्रिफन इंजिनवालं स्पिटफायर मार्क चौदा, आपल्या भारतीय हवाई दलाच्या ४ नंबर स्क्वाड्रनच्या मार्किंगमध्ये, जी १९४६ मध्ये जपानला गेली होती. ग्रिफन ३६.७ लिटर, पाती पाच, फिरतो उलटा, आणि हिशोबाने २७५० आरपीएमला इंजिन २७५ तर प्रोपेलर साधारण १०३ हर्ट्झ, म्हणजे दोन्ही सूर मर्लिनपेक्षा जवळ येतात. १८० चा क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा-वरचा आवाज वेगळा करायची सीमा, तिथे चालतो का ते बघायचंय.