लॅब्राडोरच्या रस्त्याची आखणी : माझा अनुभव

कॅनडाच्या ईशान्य टोकाच्या लॅब्राडोर या प्रदेशात मोटारीने जायचे हे घरात ठरले फेब्रुवारीत, दारासमोर गुडघाभर बर्फ साचलेले असताना. आणि प्रत्यक्ष गाडी निघाली ती २७ जूनला. मधले चार महिने आखणीत गेले आणि त्यांतले पहिले सहा आठवडे जवळजवळ वाया गेले, कारण आम्ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती.

आम्ही मॉन्ट्रियलमध्ये राहतो. त्या उन्हाळ्यात आईबाबा साताऱ्याहून येणार होते आणि नायगारा, टोरांटो वगैरे सारे त्यांचे मागच्या खेपेस पाहून झाले होते. बाबा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले; गर्दीच्या ठिकाणांपेक्षा रस्ता कसा आहे यातच त्यांना अधिक रस. म्हणून मार्ग ठरला तो असा : सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठाने बे-कोमोपर्यंत, तेथून ३८९ क्रमांकाच्या रस्त्याने जंगलातून सरळ उत्तरेला लॅब्राडोर सिटी, मग ट्रान्स-लॅब्राडोर महामार्गाने चर्चिल फॉल्स आणि हॅपी व्हॅली-गूज बेवरून पुन्हा समुद्रकाठी, बेल आइलची सामुद्रधुनी जहाजाने ओलांडून न्यूफाउंडलंड, आणि तेथून दुसऱ्या जहाजाने नोव्हा स्कोशियामार्गे परत. एकूण सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा फेरा आणि हाताशी सोळा दिवस.

माझी पहिली आखणी पर्यटकाची होती. पाहायच्या जागा लिहिल्या, त्यांच्यामधली अंतरे मांडली आणि रोजच्या साडेपाचशे-सहाशे किलोमीटरांनी भागाकार केला. तो कागद मी बाबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अरे, यात बोटी कुठे बसवल्यास? आपण वेळापत्रक करताना मुक्कामी गाड्या आधी बसवायचो. त्या हलत नाहीत. बाकीच्या फेऱ्या त्यांच्याभोवती." मी तो कागद बाजूला ठेवला आणि नव्याने मांडायला बसलो.

बोटी दोन. पहिली ब्लाँ-साब्लाँहून सेंट बार्बला जाणारी, पावणेदोन तासांची. दुसरी न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्कहून नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीला जाणारी, सुमारे सात तासांची. उन्हाळ्यात दोन्हींवर मोटारीसाठी आरक्षण आधी करावे लागते आणि दोन्ही धुक्यापुढे वा वाऱ्यापुढे हतबल असतात. एखादी फेरी रद्द झाली की त्या दिवसाच्या साऱ्या गाड्या पुढच्या फेऱ्यांच्या रांगेत येतात. त्यामुळे आम्ही प्रथम या दोन तारखा पक्क्या केल्या, त्यांच्यामध्ये सहा दिवसांचे अंतर ठेवले, आणि पहिल्या बोटीच्या अलीकडे एक संपूर्ण दिवस मोकळा सोडला. त्यानंतर त्या तारखेपासून मागे मागे येत एकेक मुक्काम लावला. निघण्याचा दिवस आम्ही निवडला नाही. हिशेब मागे सरकत आला आणि २७ जूनवर थांबला. तो सोयीचाही ठरला, कारण क्यूबेकमध्ये जुलैच्या अखेरच्या दोन आठवड्यांत बांधकाम क्षेत्राची सामूहिक सुटी असते आणि त्या पंधरवड्यात निम्मा प्रांत रस्त्यावर उतरल्यासारखा वाटतो. शाळा संपल्यावर आणि ती सुटी लागण्याआधी जी फट मिळते तीत जो जाईल त्याला खोल्या मिळतात.

तरी खोल्यांचा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. लॅब्राडोर सिटी हे लोहखनिजाच्या खाणींचे गाव आहे. तेथील हॉटेले पर्यटकांमुळे नव्हे, तर कंत्राटी कामगारांमुळे भरतात, आणि तीही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. आमचा मुक्काम शनिवार-रविवारवर आणण्यासाठी मी अलीकडे एक रात्र मॅनिक-५ धरणाजवळच्या मोटेलात टाकली. ही तडजोड सर्वांत फलदायी ठरली. २१४ मीटर उंचीचे ते कमानींचे धरण संध्याकाळच्या उन्हात पाहता आले, आणि ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते प्रांताचे पंतप्रधान डॅनियल जॉन्सन सप्टेंबर १९६८ मध्ये उद्घाटनाच्या आदल्या रात्री तेथेच वारले, ही हकीकत बाबांनी पुढच्या तीन गावांत भेटेल त्याला माझ्याकरवी पुन्हा सांगवली. चर्चिल फॉल्समध्ये तर हॉटेलच एक. पाच हजार मेगावॉटहून अधिक वीज देणाऱ्या भूगर्भातील वीजकेंद्रासाठी वसवलेले ते कंपनीचे गाव आहे. तेथे खोली मिळाली नाही तर पुढे गूज बेपर्यंत आणखी सुमारे २९० किलोमीटर, आणि मध्ये काहीही नाही. तिथले आरक्षण मी मार्चमध्येच केले.

मग गाडी. आमच्या गाडीची जमिनीपासूनची उंची कमी, म्हणून उंच चाकांची एसयूव्ही भाड्याने घ्यावी असे मनात होते. एका भाडे-कंपनीने फोनवर सर्व ठीक असल्याचे सांगितले, आगाऊ रक्कमही घेतली. करार हाती आला तेव्हा त्यातल्या बारीक अक्षरांत लिहिले होते की, डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा लागू राहणार नाही. ट्रान्स-लॅब्राडोर महामार्गाचे डांबरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले असले, तरी ३८९ चे काही पट्टे अजून खडीचे आहेत. त्यामुळे त्या एका ओळीने आमचा सारा बेत उधळला असता. आगाऊ रक्कम परत मिळवायला पाच आठवडे आणि अकरा ईमेल लागले. माझे स्पष्ट मत असे की अशा प्रवासाला निघणाऱ्याने करार आधी मागवून वाचावा आणि फोनवरच्या गोड आवाजावर भरवसा ठेवू नये.

अखेर स्वतःचीच गाडी नेली. तिच्या डिकीत जी स्टेपनी होती ती बारीक, तात्पुरती, ऐंशीच्या वेगापलीकडे न चालणारी. खडीवर तिचा उपयोग नाही. बाबा मेच्या अखेरीस आले आणि चौथ्या दिवशी मला घेऊन शहराबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या भंगारात गेले. भाषा एक अक्षर येत नसताना त्यांनी तेथील माणसाकडून आमच्या मापाचे पूर्ण चाक डिस्कसह मिळवले. टायरची खाच नखाने तपासली, डिस्क जमिनीवर गरगर फिरवून ती डगमगते का ते पाहिले आणि तीन चाके नाकारून चौथे घेतले. ते डिकीत मावेना, म्हणून सामानाची एक बॅग कमी झाली. ती माझी होती.

इंधनाचा हिशेब मात्र सोपा आहे, फक्त तो पाळावा लागतो. गूज बेहून पोर्ट होप सिम्पसनपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर एकही पंप नाही, म्हणजे मुंबईहून निघून कोल्हापूर मागे पडेपर्यंत वाटेत गाव नाही, चहाची टपरी नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. आमच्या टाकीला ते अंतर जड नव्हते. नियम एवढाच केला की पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. रेंजच्या प्रश्नावर एक उपग्रह-संदेशयंत्र महिन्याभरासाठी घेतले. मुठीएवढे, पण रोज संध्याकाळी 'पोहोचलो' एवढे धाकट्या भावाला पुण्यात कळवण्याची सोय झाली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन आठवडे पुरतील इतक्या घेतल्या आणि त्या दोन ठिकाणी विभागून ठेवल्या. दोघांचा प्रवासी विमा काढताना, मोठी रुग्णालये लॅब्राडोर सिटी आणि गूज बे येथेच आहेत आणि मधल्या टापूत हवाई रुग्णवाहिका लागू शकते, हे ध्यानात घेऊन तो खर्च धरणारा विमा निवडला.

दिवसाउजेडीच गाडी चालवायची, हाही नियम होता. या अक्षांशावर जूनच्या अखेरीस लॅब्राडोर सिटीत सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे घाई नसते. पण संधिप्रकाशात रस्त्यावर मूस, म्हणजे हरणांच्या कुळातले प्रचंड प्राणी, उतरतात. न्यूफाउंडलंड बेटावर हा प्राणी मुळात नव्हता. १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून सोडले आणि आज त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. उंच पायांमुळे धडकेत त्याचे धड थेट काचेवर येते. म्हणून आम्ही प्रत्येक दिवसाचा प्रवास संध्याकाळी सहाच्या आत संपेल असा बसवला, आणि जेथे तो बसेना तेथे मुक्काम वाढवला. यात बॅटल हार्बर हे जुने मासेमारी बेट आमच्या यादीतून गळले. त्याची हळहळ मला अजून आहे.

आखणीत एक भीती शेवटपर्यंत होती, ती वणव्याची. २०२४ च्या जुलैत लॅब्राडोर सिटीतल्या सात हजारांहून अधिक रहिवाशांना गाव सोडून गूज बेला जावे लागले होते, आणि हा एकच रस्ता असल्यामुळे तो बंद झाला की मागे फिरण्यावाचून मार्ग नाही. त्यासाठी जेथे जमेल तेथे रद्द करता येणारे आरक्षण घेतले, थोडे महाग पडले तरी, आणि निघण्याआधीच्या आठवड्यात दोन्ही प्रांतांचे वणव्यांचे नकाशे रोज सकाळी पाहिले. सुदैवाने धूर आम्हाला कोठेही लागला नाही.

आईची आखणी स्वतंत्र चालली होती. आम्ही चौघे शाकाहारी, मुलगी अंडी खाते. आणि त्या किनाऱ्यावर तळलेल्या कॉड माशाशिवाय जे मिळते ते मुख्यतः बटाट्याचे काप. आईने थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पहिल्या तीन दिवसांसाठी दशम्या आणि एक छोटा कुकर असे सामान डिकीत घातले. कुकरवरून माझे आणि तिचे थोडे वाजले. पोर्ट होप सिम्पसनला पाऊस कोसळत असताना त्या कुकरातला गरम मऊभात आणि मेतकूट मी दोनदा मागून घेतला, तेव्हा तिने काही बोलून दाखवले नाही. पत्नीने सर्वांसाठी डोक्यावरून घालायच्या जाळ्या आणल्या होत्या. त्या नसत्या तर काळ्या माश्यांनी आम्हाला गाडीबाहेर पाय टाकू दिला नसता. या माश्या डासांसारख्या टोचत नाहीत, चावा घेऊन रक्त काढतात, आणि कानामागची जागा त्यांना विशेष प्रिय असते.

सर्वांत सूक्ष्म गुंता निघाला घड्याळाचा. मॉन्ट्रियलहून लॅब्राडोर सिटीला पोहोचलो की एक तास पुढे. गूज बेहून दक्षिणेला किनाऱ्यावर आलो की आणखी अर्धा तास पुढे, कारण तो पट्टा न्यूफाउंडलंडची वेळ पाळतो. बोट सुटते ते ब्लाँ-साब्लाँ पुन्हा क्यूबेकमध्ये, आणि तेथे उन्हाळ्यातही घड्याळ पुढे करत नाहीत. म्हणजे शेजारच्या लॅब्राडोरपेक्षा दीड तास मागे. वर बोटीचे वेळापत्रक मात्र न्यूफाउंडलंडच्या वेळेने. आमचा शेवटचा मुक्काम लान्स-ओ-क्लेअरला होता, प्रांताच्या सीमेपासून काही किलोमीटरवर, आणि फोन कोणत्या बाजूचा मनोरा पकडेल याचा नेम नव्हता. आदल्या संध्याकाळी खिडकीशी ठेवलेला माझा फोन सहा वाजल्याचे दाखवत होता आणि पत्नीचा साडेसात.

बाबांच्या मनगटावर एचएमटीचे किल्लीचे घड्याळ असते आणि परदेशात असतानाही ते त्यावर भारताचीच वेळ ठेवतात. घरी सध्या काय चालले असेल ते कळावे म्हणून. मॉन्ट्रियलमध्ये साडेनऊ तासांचा फरक, त्यामुळे त्यांना दर वेळी बोटांवर मोजावे लागे. रेड बेमध्ये सोळाव्या शतकातल्या बास्क व्हेलशिकाऱ्यांची होडी पाहून बाहेर पडताना त्यांच्या लक्षात आले की, दारावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा त्यांच्या मिनिटकाट्याशी तंतोतंत जुळतो. न्यूफाउंडलंडची अर्ध्या तासाची वेळ आणि आपली अर्ध्या तासाची वेळ यांत उन्हाळ्यात बरोबर आठ तासांचे अंतर राहते. त्या रात्री आम्ही फोनांवरचे गजर बंद केले. साडेदहाच्या बोटीसाठी साडेनऊला धक्क्यावर पोहोचायचे, म्हणजे बाबांच्या घड्याळात सायंकाळचे साडेपाच.

सकाळी बाबा पुढच्या सीटवर बसले होते आणि धुक्यातून ब्लाँ-साब्लाँचा धक्का दिसला तेव्हा डॅशबोर्डवर टेकवलेला माझा फोन आठ वाजल्याचे सांगत होता. रांगेत आमच्यापुढे चौदा गाड्या होत्या. बाबांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, खिशातून घडी घातलेला वेळापत्रकाचा कागद काढला आणि सेंट बार्बच्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. "वेळेवर," असे म्हणून त्यांनी घड्याळाला किल्ली दिली.