डावीकडचे वळण

संक्रांतीच्या आसपास नागपुरातल्या आमच्या उपचार केंद्रात मांजाने कापलेले पक्षी येतच राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण ती अजून विक्रेत्यांच्या कानावर गेलेली दिसत नाही. यंदा महाल भागातून आलेल्या शिक्र्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेची कातडी फाटली होती, शिवाय आणणाऱ्यांनी या मांसाहारी पक्ष्याला दूध-पोळी भरवून पाहिली होती. जखम भरली, तो लांब पिंजऱ्यात या टोकाहून त्या टोकाला नीट उडू लागला आणि सहकारी त्याला सोडायला निघाले.

सरळ उडता आले की पक्षी बरा झाला, हे मला मान्य नाही, कारण त्याचे भक्ष्य सरळ पळत नाही. म्हणून मी जमिनीलगत कप्प्या बसवून मांसाचा तुकडा दोरीने ओढते आणि तो कुठे वळणार याचा सुगावा पक्ष्याला लागू देत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बहिरी ससाण्याविषयी 2017 मध्ये दाखवले, की भक्ष्याकडची दृष्टिरेषा जितक्या वेगाने फिरते त्या प्रमाणात तो वळतो. क्षेपणास्त्रेही याच नियमाने जातात आणि त्यासाठी भक्ष्याचे अंतर किंवा वेग ठाऊक असावा लागत नाही. हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी मात्र आपली उडण्याची दिशा आणि भक्ष्य ज्या दिशेला दिसते ती दिशा यांतला कोनही हिशेबात धरतो, असे याच संशोधकांना 2019 मध्ये आढळले. त्यामुळे झुडपांत ऐनवेळी वळणाऱ्या भक्ष्यामागे तो भरकटत नाही. शिक्राही झाडीतलाच शिकारी असल्याने त्याचेही असेच असावे, असा माझा कयास आहे.

उजवीकडे वळलेला तुकडा या शिक्र्याने दर वेळी धरला, डावीकडे वळलेला दर वेळी हुकला. सगळ्यांनी पंखाला दोष दिला. मी मोबाइलवरचे चित्रण संथ करून पाहिले: पंख अधू असता तर वळण वेळेवर सुरू होऊन पसरट झाले असते, पण इथे वळण उशिरा सुरू होत होते आणि एकदा सुरू झाले की अगदी आखूड होते. म्हणजे खोट पंखाच्या आधी, डोळ्यात होती. टॉर्चच्या उजेडात डोळा स्वच्छ दिसे. पशुवैद्यांनी ऑफ्थॅल्मोस्कोपने आत पाहिले तेव्हा डाव्या डोळ्याच्या मागच्या भागात रक्त साकळलेले आढळले, बहुधा पडताना डोके आपटल्यामुळे.

तो अजून पिंजऱ्यातच आहे. आमच्या तपासणी अर्जात पंखांसाठी अर्धे पान आहे आणि डोळ्यांसाठी एक चौकट. सरळ उड्डाणाच्या भरवशावर आजवर सोडलेल्या शिक्र्यांच्या अर्जांत त्या चौकटीत ‘ठीक’ एवढेच लिहिलेले आहे.