पिक्सेल मोजावेत की चित्र पाहावे?

फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्राच्या बरोबर चौपट. गेमला सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० स्वतंत्र चित्रे, दाखवायची असतील, तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात सावल्या, प्रकाश, प्रतिबिंबे असे सगळेच उरकावे लागते.

प्लेस्टेशन ५ वरील ‘स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस’ हा गेम पिक्सेल आणि फ्रेम यांच्यातील या ओढाताणीचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आहे. त्यातील फिडेलिटी मोड, म्हणजे चित्राच्या दर्जाला प्राधान्य देणारा पर्याय, सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो आणि रे ट्रेसिंगमुळे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रेखाटण्याच्या तंत्रामुळे) न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतींत समोरचा रस्ता खराखुरा उमटतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘परफॉर्मन्स आरटी’ (आरटी म्हणजे रे ट्रेसिंग) मोडने हीच प्रतिबिंबे ६० फ्रेमवर आणली, मात्र त्यासाठी रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेलांची संख्या), प्रतिबिंबांचा दर्जा आणि पादचाऱ्यांची गर्दी या तिन्हींना थोडी कात्री लावली.

मी दोन्ही मोड एकाच भिंतीसमोर उभे राहून ताडून पाहिले. स्थिर चित्रात फिडेलिटी मोडमधील बारकावे निश्चितच अधिक रेखीव वाटतात. परंतु जाळ्याला लोंबकळत झेप घेतली, की ३० फ्रेमवर तेच बारकावे गतीत विरघळतात, तर ‘परफॉर्मन्स आरटी’च्या कमी पिक्सेलांच्या, पण ६० फ्रेमच्या चित्रात खिडक्यांच्या ओळी नजरेला स्पष्ट धरता येतात. सोफ्यावरून, आठ फुटांवरून पाहताना तर रिझोल्यूशनमधील घट मला शोधूनही सापडली नाही. म्हणून माझा कौल निःसंशय ‘परफॉर्मन्स आरटी’ला आहे, फिडेलिटी मोड मी फोटो काढण्यापुरता राखून ठेवला आहे.