तुम्ही विचारलंत म्हणून: पित्ताशय काढलं की आतड्याचा कॅन्सर होतो का?

मी बाइल ॲसिड्सवर, म्हणजे पित्तातल्या चरबी पचवणाऱ्या आम्लांवर, काम करते हे कळलं की हाच प्रश्न येतो, आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं. नाही देता येत हो, टाळत नाहीये मी.

९५ टक्के बाइल ॲसिड्स लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात. उरतात ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले बॅक्टेरिया त्यांचं डीऑक्सिकोलिक ॲसिड करतात, खरी भानगड याची. साबणासारखं पेशीच्या आवरणाला लागतं, डीएनएला इजा करतं, पुष्कळ पेशी मरतात आणि ज्या चिवट असतात त्या मागे राहून वाढतात. पित्ताशय नसलं की पित्त साठत नाही, झिरपतच राहतं, म्हणजे बॅक्टेरियांच्या हाती जास्त लागणार, असा तर्क.

दादाला कॅन्सर निघाला तेव्हा वहिनीने मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून तीच त्याच्या मागे लागली होती. "माझ्यामुळे झालं का गं?" मी लगेच सांगितलं, नाही वहिनी, ज्या अभ्यासांमध्ये थोडा धोका दिसतो तो उजव्या बाजूच्या आतड्यात, दादाची गाठ डावीकडे आहे, आणि काही अभ्यासांत तर काहीच दिसत नाही. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उजवीकडे असती तर?"

मी गप्प. वर दादा वाट बघत होता आणि ती डोळे पुसून चढायला लागलीसुद्धा.

लॅबमध्ये नवीन असताना मी ठासून सांगायचे, बाइल ॲसिड म्हणजे कॅन्सरला खतपाणी. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, मग २०२० मध्ये उंदरांत तीच ॲसिड्स टीजीआर५ या बाइल ॲसिड ओळखणाऱ्या रिसेप्टरमार्फत आतड्याच्या स्टेम सेल्सना, म्हणजे अस्तर नव्याने घडवणाऱ्या पेशींना, इजा भरून काढायला मदत करताना दिसली, त्याचं काय? पण ती पोरगी पण ऐकणारी नाही, ती म्हणेल २०१९ मध्ये उंदरांतच डीऑक्सिकोलिक ॲसिडने एफएक्सआर हा बाइल ॲसिड ओळखणारा दुसरा रिसेप्टर दाबला आणि त्याच स्टेम सेल्स कॅन्सरकडे वळल्या. दोन्ही खरं आहे!

आणि हो, अर्सोच्या, म्हणजे अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड या दुसऱ्या बाइल ॲसिडच्या, गोळ्या घेऊ का, हेही विचारता. २००५ च्या ट्रायलमध्ये पॉलिप्स, म्हणजे आतड्यातल्या छोट्या गाठी, परत येण्याचं प्रमाण फारसं कमी झालं नाही, जास्त बिघडलेले मात्र कमी दिसले. यावरून घ्या म्हणू की नको म्हणू?