बोनेर, बाईसाहेब आणि उरलेली ७० बार हवा

बोनेर या कॅरिबियन बेटाबद्दल सगळे एकच गोष्ट सांगतात, की तिथे डायव्हिंगला बोट लागत नाही, गाईड लागत नाही, पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे टँक टाकायचे, रस्त्याच्या कडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला की थांबायचं, दगडावर साईटचं नाव लिहिलेलं असतं, गियर चढवायचा आणि चालत समुद्रात शिरायचं. सगळं खरंय. फक्त गाईड नाही याचा अर्थ अख्खी सुट्टी तुम्ही आणि तुमची बडी (पाण्याखालची जोडीदार), मध्ये तिसरं माणूस नाही, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

माझी बडी म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण. ब्लॉगवर नाव टाकायचं नाही अशी तिने अट घातलीय त्यामुळे इथे तिला बाईसाहेब म्हणू. ती ह्यूस्टनला, मी आइंडहोव्हनला. ह्यूस्टनहून बोनेरला थेट विमान आहे, ॲमस्टरडॅमहूनही आहे, आणि बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जवळ असलं तरी २०१० पासून ते नेदरलँड्सची एक नगरपालिकाच आहे, त्यामुळे मला वाटलं होतं घरच्याघरी जाऊन येऊ. कसलं काय. दहा तास विमानात बसा, उतरल्यावर ७५ डॉलर एंट्री टॅक्स भरा (हो, डॉलर, नेदरलँड्सच्या बेटावर युरो चालत नाही), मग मरीन पार्कचा ४० डॉलरचा नेचर फी वेगळा. तो दुसरा मी आनंदाने भरला कारण १९७९ पासून बेटाभोवतीचा सगळा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत पार्क आहे आणि तो सांभाळायला पैसे लागतात. पण पहिला मात्र अजून डोक्यात जातो. वर सुपरमार्केटात गेलो तर तिथे तेच डच चीज, तेच स्ट्रोपवाफल, तेच हॅगेलस्लाग, आणि भाव मात्र दीडपट. बाईसाहेब खूश, त्यांनी दोन पाकिटं स्ट्रोपवाफल घेतली. मी कपाळाला हात लावला.

आता मुख्य तक्रारीकडे येते. डायव्हिंगचा साधा नियम आहे की दोघींपैकी एकीची हवा ठरलेल्या आकड्यावर आली की डाईव्ह दोघींचीही संपली. टँक दोघींचे सारखेच, ॲल्युमिनियमचे, ११ लिटरचे, भरलेले २०० बारला (बार म्हणजे टँकमधल्या हवेच्या दाबाचं माप). मी डायव्हिंग शिकले नेदरलँड्समधल्या झीलंडमध्ये, म्हणजे हिरवट गढूळ पाणी, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, आणि थंडीने दात वाजतायत. तिथे माणूस आपोआप हळू श्वास घ्यायला शिकतो कारण दुसरं करण्यासारखं काही नसतंच. बाईसाहेबांनी गरम पाण्यात कोर्स केला, आणि त्यांना पाण्याखाली हातवारे करून गप्पा मारायची सवय आहे. मासा दिसला की हात हलवणार, मला दाखवायला माझ्याकडे पोहत येणार, मग माशाकडे परत जाणार, मग कॅमेरा. प्रत्येक वेळी बुडबुड्यांचा ढग. त्यात तिचा गेज पीएसआयमध्ये (दाबाचं अमेरिकन माप) आणि माझा बारमध्ये, म्हणजे ती बोटांनी पंधराशे दाखवणार आणि मी तिथेच तरंगत मनातल्या मनात भागाकार करणार.

पहिली ठिणगी पडली हिल्मा हूकरवर. ही साधारण ७२ मीटर लांबीची मालवाहू बोट, १९८४ मध्ये इंजिन बिघडलं म्हणून बोनेरला ओढून आणली, अधिकाऱ्यांनी तपासली तर खोट्या भिंतीमागे टनावारी गांजा. मालक काही पुढे आला नाही, बोट गळायला लागली, आणि सप्टेंबरात एके दिवशी आडवी होऊन बुडाली ती नेमकी डायव्हिंगला सोयीच्या जागी. मुद्दाम बुडू दिली असं लोक डोळे मिचकावून सांगतात. आता ती सुमारे ३० मीटरवर कुशीवर पडलीय, प्रॉपेलर अजून जागच्या जागी, डेकची बाजू रीफकडे, आणि त्या सावलीत टार्पन मासे, माणसाएवढे लांब, चकचकीत, हलायचं नाव नाही. मी प्रॉपेलरपाशी पोचले, आता डोलकाठीकडे जाऊ म्हणून वळले तर बाईसाहेब छाती ठोकतायत (हवा कमी उरल्याची खूण) आणि बोटांनी हजार. म्हणजे ७० बार. माझ्याकडे १३० होते. खाली जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. आणि वर जायची खूण, अंगठा वर.

वर आल्यावर ती म्हणाली, "अगं पण आपण नायट्रॉक्स घेतला होता ना, तो जास्त वेळ टिकतो ना?" मी ट्रकच्या मागच्या फळकुटावर बसून घेतलं. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन ३२ टक्के असतो, नायट्रोजन कमी, त्यामुळे शरीरात नायट्रोजन हळू साठतो आणि डीकॉम्प्रेशनच्या (वर येताना मध्ये थांबत थांबत यायच्या) भानगडीशिवाय खोलवर जास्त वेळ थांबता येतं, पण टँकमधला वायू तेवढाच राहतो बाई. श्वास तूच घेतेयस. हे मी जरा चढ्या आवाजात सांगितलं असावं, कारण शेजारच्या ट्रकवाले डच आजोबा वेटसूट अर्धा उतरवलेल्या अवस्थेत आमच्याकडे बघत उभे राहिले.

मधल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. वॉटर टॅक्सीने समोरच्या छोट्या बेटावर, क्लाईन बोनेरला गेलो, सुंदर, ऊन भयंकर. वॉशिंग्टन स्लाखबाई पार्कमध्ये निवडुंग, इग्वाना आणि कंबर मोडणारे रस्ते. कब्रितू स्तोबा, म्हणजे बोकडाचा रस्सा, फुंचीबरोबर (मक्याच्या पिठाची उकड), हा मात्र दोनदा मागवून खाल्ला आणि तिथे आमचं एकमत झालं. ट्रकचं एक सांगून ठेवते. तो लॉक करायचा नाही, काचा खाली ठेवायच्या, आत टॉवेल आणि पाण्याच्या बाटलीशिवाय काही ठेवायचं नाही, हे भाड्याने देणाराच तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तासभर पाण्याखाली आहात हे अख्ख्या बेटाला रस्त्यावरून दिसत असतं. लॉक केलात तर चोरीबरोबर काच फुटल्याचेही पैसे भरा. बाईसाहेबांना हे काही पटेना, पाण्यात शिरतानासुद्धा मान वळवून ट्रककडे बघायची, आणि बोनेरच्या किनाऱ्यावर मान वळवून चालणं म्हणजे पाय मोडून घेणं. वाळू नाहीच. मेलेल्या कोरलचे पांढरे तुकडे, पायाखाली खडखडणारे, त्यावर पाठीवर टँक घेऊन लाटेत डगमगत जायचं. जाड सोलचे बूट घ्या. ग्लोव्ह्जना पार्कात बंदी आहे, म्हणजे हात टेकायलाही चोरी.

भांडण खरं झालं ते सॉल्ट पियरवर. दक्षिणेला मिठागरं आहेत, गुलाबी पाणी, मिठाचे पांढरे डोंगर, आणि मीठ जहाजात भरायचा धक्का. जहाज लागलेलं नसलं तरच तिथे उतरता येतं, आम्ही दोन वेळा जाऊन जहाज बघून परत आलो होतो. शेवटी एका सकाळी धक्का रिकामा. खाली खांबांचं जंगल, प्रत्येक खांबावर नारिंगी कोरल, जांभळे स्पंज, वरून उन्हाचे तिरपे पट्टे, आणि पिवळ्या ग्रंटचे थवे खांबांमधून असे वळतात की पुढचं दिसत नाही. तिथे एक हॉक्सबिल कासव स्पंज खात होतं. चोचीने ओरबाडायचं, तुकडे उडायचे, ते टिपायला दोन फ्रेंच एंजलफिश टपून बसलेले, काळे, अंगावर पिवळी किनार. कासव मान वर करायचं की लगेच ते पुढे घुसायचे. कासवाने एकदा त्यांच्याकडे डोळा वळवून बघितलं आणि पुन्हा खायला लागलं. मी हातभर अंतरावर, पोहण्याची गरज नाही, पाणी स्तब्ध. अशी वेळ येते म्हणून तर माणूस एवढे पैसे खर्च करतो.

माझ्या फिनला टकटक. बाईसाहेब. अंगठा वर.

वर येताना सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर तीन मिनिटं आम्ही समोरासमोर तरंगत होतो आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. ट्रकमध्येही बोलले नाही. टँक बदलायच्या ड्राईव्ह-थ्रूला गेलो, मी रिकामे उतरवले, भरलेल्यांवर ऑक्सिजन मीटर लावला, टेपवर ३२ लिहिलं, रजिस्टरमध्ये सही केली, सगळं मुकाट्याने. मग तीच म्हणाली, "तुला एवढा त्रास होत असेल तर दुसरी बडी शोध. मी बीचवर बसते." अगदी शांतपणे. मला वाटलं होतं चिडेल. नंतर म्हणाली की खोल गेलं की तिला छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, गेजकडे बघितलं की श्वास अजून वाढतो, आणि मी रागाने बघते तेव्हा तर फारच. हे ती मला इतकी वर्षं एकदाही बोलली नव्हती, फोनवर तर नेहमी फुल जोशात.

मग आम्ही जे करायला हवं होतं ते केलं, खोल जाणं बंद. हिशोब सोपा आहे, ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा जाते. १० मीटरवर दुप्पट. आणि बोनेरचं रीफ किनाऱ्यापासून लगेच सुरू होतं, सगळा गोंधळ, सी-हॉर्स, फ्रॉगफिश, ईल, पॅरटफिशचं कुरतडणं, वरच्या दहा-बारा मीटरमध्येच चालू असतं. खोल जाण्याची हौस ही मला आता निव्वळ बढाईची गोष्ट वाटते, लॉगबुकात आकडा लिहायला बरा. उथळ गेल्यावर बाईसाहेबांची हवा तासभर टिकली. उथळातच वाईटही जास्त दिसलं म्हणा, ब्रेन कोरलचे मोठमोठे गोळे, त्यांवर पांढरे चट्टे आणि चट्ट्यांमागे शेवाळ. २०२३ पासून इथे कोरलची साथ आलीय, त्या रोगात जिवंत थर आठवड्या-महिन्यांत गळून जातो, म्हणून डाईव्हनंतर गियर जंतुनाशकाच्या टबात बुडवावा लागतो. तो टब टाळणारे लोक मी बघितले आणि मला त्यांच्या मास्कवर बसावंसं वाटलं.

पौर्णिमा आमच्या सुट्टीत आली हा निव्वळ योगायोग. पौर्णिमेनंतर दुसऱ्या ते पाचव्या रात्री, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, इथे ऑस्ट्राकॉड चमकतात. हा तिळाएवढा कवचधारी प्राणी. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे संधिप्रकाश गेल्यावर आणि चंद्र यायच्या आत एक पूर्ण काळोखाची फट मिळते, नर त्या फटीत माद्यांना बोलावतात. शरीरातून चकाकणारा चिकट पदार्थ पाण्यात सोडतात आणि वर पोहत जातात, मागे निळे ठिपके राहतात. प्रत्येक जातीची ठिपक्यांची ठेवण वेगळी म्हणे, म्हणजे मादीला आपला कोण ते कळतं.

आम्ही सहा मीटरवर वाळूच्या तुकड्यावर गुडघे टेकले. टॉर्च बंद करायच्या आधी एक टार्पन बाईसाहेबांच्या खांद्यावरून सुर्रकन गेला, ते तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करतात, आणि तिने तोंडातल्या रेग्युलेटरमध्ये (ज्यातून श्वास घेतो ते) मारलेली किंकाळी मला व्यवस्थित ऐकू आली. झालं, गेली पन्नास बार, असं मनात आलंच. मग टॉर्च विझवले. मिट्ट. तिचा हात माझ्या बीसीडीच्या (टँक अडकवलेल्या जॅकेटच्या) पट्ट्याला. पहिली काही मिनिटं काही नाही, मी म्हणलं फसलो. मग डावीकडे एक ठिपका. वर दुसरा, तिसरा, सारख्या अंतराने, कोणीतरी अंधारात पेनाने टिंबं देत वर चाललंय. शेजारी दुसरी ओळ, मग मागे, मग डोक्यावर, आणि थोड्या वेळात आम्ही त्या ओळींच्या मधोमध होतो, मान वळवू तिकडे वर चढणारी निळी टिंबं, खालची विझतायत तोवर वरची पेटतायत. कॅमेऱ्यात यातलं काहीही येत नाही. बाईसाहेबांनी कॅमेरा काढलाच नव्हता. हातवारे नाहीत, गप्पा नाहीत. त्यांच्या बुडबुड्यांचा आवाज इतका कमी झाला की मी घाबरून पट्ट्यावरचा हात चाचपला, आहे ना म्हणून.

वर आल्यावर मी गेज बघितला. माझे ११० बार. तिचे १९००, म्हणजे १३०. मी दोनदा भागाकार केला. तिने काही म्हटलं नाही पण ट्रकपर्यंत गुणगुणत गेली, आणि परतीच्या वाटेवर रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाढवांना हॉर्न न वाजवता पाच मिनिटं थांबली, एरवी हे मी करते.

शेवटच्या दिवशी डायव्हिंग नाही, विमानाआधी निदान १८ तास कोरडं राहायचं असतं. म्हणून दक्षिणेला गुलामांच्या झोपड्या बघायला गेलो. १८५० च्या सुमाराला बांधलेल्या, दगडी, कमरेएवढं दार. मिठागरात राबणारी माणसं त्यात झोपायची आणि आठवडाअखेर सात तास चालत रिंकोनला घरी जायची. गुलामगिरी संपली १८६३ मध्ये, डच पंतप्रधानांनी माफी मागितली २०२२ मध्ये. मी त्या देशात टॅक्स भरते त्यामुळे तिथे उभं राहून जरा अवघडल्यासारखं झालं. समोर एक जोडपं दारात रांगत शिरून हसत फोटो काढत होतं, बाईसाहेब त्यांच्याशी भांडायला निघाल्या होत्या, मी ओढून आणलं.

पुढच्या वेळी तिला मेक्सिकोतलं कोझुमेल करायचंय. तिकडे गाईडशिवाय उतरू देत नाहीत, करंट तुम्हाला आपोआप पुढे नेतो, आणि काही ठिकाणी मोठे टँकही मिळतात. मी हो म्हणलंय. मोठा टँक कोणी घ्यायचा यावर सध्या व्हॉट्सॲपवर बोलणी चालू आहेत, कारण त्या ११० आणि १३० चा स्क्रीनशॉट ती अजून रोज पाठवते.